सर्व्हरच्या आतला दुसरा संगणक आणि त्याला उठवण्याच्या वाटा

शेवगावला रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण नगर साठ-सत्तर किलोमीटरवर, पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगर त्याहून थोडं लांब, आणि पुण्याला जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस नंदिनी नदीला पूर आला आणि भगूर, वरूर, आखेगावात पाणी शिरलं. तसा दिवस असला तर नगरहूनही कुणी पोचणं कठीण. अशा तालुक्याच्या गावात पतसंस्थेचा, कॉलेजचा, दवाखान्याचा किंवा कारखान्याच्या कार्यालयातला सर्व्हर अडकला की काऊंटरवर पाटी लागते आणि फोनवर उत्तर मिळतं, ‘इंजिनिअर निघालेत, पोचतील.’ वाटेतले हे दोन-तीन तास वाचवायची सोय बहुतेक सर्व्हरांत कारखान्यातूनच बसवून आलेली असते. ती सोय आपल्याकडे फारशी कुणी वापरत नाही, आणि तीच अडकली तर काय करायचं हे तर बहुतेकांना ठाऊकच नसतं.

ही सोय म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसलेला एक वेगळा, छोटा संगणक. कागदोपत्री नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी. डेलच्या यंत्रात तो आयड्रॅक म्हणून येतो, एचपीईच्या यंत्रात आयएलओ म्हणून, लेनोव्होत एक्सक्लॅरिटी कंट्रोलर म्हणून. सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीच्या चिप या कामासाठी जगभर वापरल्या जातात. या छोट्या संगणकाला स्वतःची मेमरी असते, स्वतःचा फ्लॅश असतो, स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो आणि बहुधा आत स्वतःचं लिनक्स चालत असतं. पंखे किती वेगाने फिरवायचे ते तो ठरवतो, तापमान मोजतो, पॉवर सप्लाय गेला तर नोंद ठेवतो, सर्व्हर चालू-बंद करतो आणि सर्व्हरचा स्क्रीन दूरच्या माणसाला दाखवतो. त्याला स्टँडबाय वीज मिळते, म्हणून मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायरीत वीज आहे तोवर तो जागा असतो.

शेवगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो, घरून कॉल लावला की मोटार चालू होते. मोटार धडधाकट असताना स्टार्टरचा डबाच अडकला तर रात्री-अपरात्री विहिरीवर जावं लागतं. सर्व्हरचा कंट्रोलर अडकतो तेव्हाही तसंच होतं. सर्व्हर चालू असतो, पासबुकं छापून निघत असतात, त्यामुळे कंट्रोलर मेलाय याची कुणाला दादच लागत नाही. ते कळतं सर्व्हरच बंद पडतो त्या दिवशी.

स्टँडबाय विजेमुळे आणखी एक गोष्ट होते. सर्व्हर रिस्टार्ट केला तरी कंट्रोलर रिस्टार्ट होत नाही. विंडोजचे अपडेट आले, सर्व्हर दहा वेळा बंद-चालू झाला, तरी आतला तो छोटा संगणक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं एका दमात चालत राहतो. त्याची मेमरी तुटपुंजी. फर्मवेअरमध्ये थोडी गळती असली तरी हळूहळू मेमरी भरते. कुणी वेब पानावर लॉगिन करून नुसतंच ब्राउझर बंद केलं की सेशन आत लटकून राहतं, आणि ठरावीक सेशन भरली की नव्याला जागा नाही. देखरेखीचं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी सगळे सेन्सर विचारत राहिलं की चिप दमते. फ्लॅशवर सतत लिहून तो झिजतो. एचपीच्या जेन८ आणि जेन९ पिढीत आयएलओ ४ चा अंगभूत फ्लॅश बिघडण्याचा त्रास इतका झाला की कंपनीला तो फॉरमॅट करण्याची रीत जाहीर करावी लागली. या बहुतेक दुखण्यांवर पहिला उपाय म्हणजे कंट्रोलर तेवढा पुन्हा सुरू करणं, आणि तेही सर्व्हरला हात न लावता.

पण त्याआधी कंट्रोलर खरोखर अडकलाय का, हे बघायला हवं. न अडकलेल्या कंट्रोलरला रिसेट मारण्यात पुष्कळ वेळ जातो. जुन्या आयड्रॅक ६ किंवा आयएलओ २ चं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, कारण ते कंट्रोलर जुनं टीएलएस बोलतात आणि ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास ते बोलणं सोडून दिलं. जुना कन्सोल तर जावावर चालायचा आणि तो आता नव्या यंत्रांवर सहजी चालत नाही. इथे कंट्रोलर ठणठणीत आहे. किती रिसेट केले तरी पान उघडणार नाही. अशा यंत्रांशी बोलायला कमांड लाईन हीच वाट उरते, आणि ती मात्र अजून चालते.

दुसरा फसवा प्रकार आपल्याकडच्या विजेशी बांधलेला आहे. बऱ्याच बोर्डांवर कंट्रोलरसाठी स्वतंत्र नेटवर्क पोर्ट असतं, पण तो सर्व्हरच्या नेहमीच्या पहिल्या पोर्टवरूनही बोलू शकतो. सुपरमायक्रोच्या यंत्रात यासाठी तीन पर्याय असतात: स्वतंत्र, सामायिक आणि फेलओव्हर. फेलओव्हरमध्ये कंट्रोलर सुरू होताना एकदाच बघतो की स्वतंत्र पोर्टवर लिंक आहे की नाही. लाईट गेली, बॅटरी संपली, मग लाईट आली आणि सर्व्हर व स्विच एकाच क्षणी चालू झाले, तर कंट्रोलर बघतो तेव्हा स्विच अजून उठलेला नसतो. लिंक नाही असं समजून तो सामायिक पोर्टवर जाऊन बसतो, आणि आपण त्याच्या जुन्या वायरीवर त्याला शोधत राहतो. जिथे भारनियमन रोजचं आहे तिथे हा पर्याय पहिल्याच दिवशी ‘स्वतंत्र’वर पक्का करून टाकावा. नाहीतर रिसेट केल्यावरसुद्धा हाच खेळ पुन्हा होऊ शकतो. पत्ता डीएचसीपीवर सोडला असेल तर रिसेटनंतर तो बदलूही शकतो.

आता मूळ कामाकडे. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय नावाचं सामायिक मानक आणलं आणि २००४ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली. या मानकामुळे कुठल्याही कंपनीच्या कंट्रोलरशी एकाच भाषेत बोलता येतं. ते बोलण्याचं सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे आयपीएमआयटूल. लिनक्सवर ते सहज बसतं. सर्व्हरच्या आतून, म्हणजे त्याच्याच ऑपरेटिंग सिस्टिममधून बोलायचं असेल तर कर्नलचे आयपीएमआय ड्रायव्हर चढवलेले हवेत. ते नसले तर ‘डिव्हाइस उघडता येत नाही’ अशी तक्रार येते आणि नवखा माणूस कंट्रोलर मेला असं धरून चालतो. बाहेरून, नेटवर्कवरून बोलायचं असेल तर लॅनप्लस हा इंटरफेस, कंट्रोलरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो आणि यूडीपीचं ६२३ क्रमांकाचं पोर्ट मोकळं लागतं. पासवर्ड कमांडमध्येच लिहायची सवय वाईट. तो टर्मिनलच्या हिस्टरीत पडून राहतो. टूल तो फाईलमधून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही घेतं.

आतून बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे, कारण कंट्रोलरचं नेटवर्क मेलेलं असतानाही बोर्डावरची ही अंतर्गत वाट बहुधा जिवंत असते. समजा शेवगावातल्या एका कार्यालयात आयड्रॅकचं पान उघडत नाही, पण सर्व्हर चालू आहे आणि नगरला बसलेला माणूस एसएसएचने त्यात शिरू शकतो. तो आधी ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ देतो. फर्मवेअरची आवृत्ती छापून आली म्हणजे कंट्रोलरचा गाभा उत्तर देतोय. मग ‘एमसी सेल्फटेस्ट’, उत्तर ‘पास्ड’. मग ‘लॅन प्रिंट १’ देऊन पत्ता, गेटवे, डीएचसीपी की स्थिर, हे सगळं वहीत उतरवून घेतो. मग ‘एसईएल ईलिस्ट’ देऊन घटनांची नोंदवही एका फाईलमध्ये वळवतो, कारण पुढे काही बिघडलं तर कारण शोधायला हीच नोंद लागणार. इतकं झाल्यावर ‘एमसी रिसेट कोल्ड’. ‘सेंट कोल्ड रिसेट कमांड टू एमसी’ अशी एक ओळ येते आणि टर्मिनल गप्प. कार्यालयात बसलेल्याला मात्र ऐकू येतं. पंख्यांचा वेग सांभाळणारा कंट्रोलरच खाली गेल्यामुळे बऱ्याच यंत्रांत पंखे सावधगिरी म्हणून पूर्ण वेगात सुटतात आणि रॅकमधून वादळासारखा आवाज येतो. त्याला आधी फोन करून सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर घाबरून तो मेन स्विच बंद करतो. दोन ते पाच मिनिटांत पंखे खाली येतात, पिंगला उत्तर येऊ लागतं, आणि त्यानंतर आणखी थोड्या वेळाने पान उघडतं. पिंग आला म्हणजे सगळं आलं असं नव्हे. सेन्सर आणि वेब सेवा मागाहून उठतात.

कोल्डच्या जोडीला वॉर्म रिसेट आहे. मानकाप्रमाणे वॉर्ममध्ये कंट्रोलरने आपली चालू अवस्था शक्यतो राखून पुन्हा सुरू व्हावं, कोल्डमध्ये अगदी पहिल्यापासून. प्रत्यक्षात मानकाने दोन्ही ऐच्छिक ठेवले आहेत, त्यामुळे काही यंत्रं वॉर्म ओळखतच नाहीत आणि काही दोन्हींना एकच अर्थ लावतात. आधी वॉर्म करून बघायला हरकत नाही, पण खरा भरवसा कोल्डचाच.

या विषयात ज्याच्यावर सर्वांत जास्त बोलायला हवं ते आता. ‘रिसेट’ म्हणत तीन अगदी वेगळी कामं केली जातात: कंट्रोलर पुन्हा सुरू करणं, कंट्रोलरच्या सगळ्या सेटिंग पुसून कारखान्यातल्यासारखा करणं, आणि खुद्द सर्व्हर दणकन रिस्टार्ट करणं. पहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्याने पत्ता जातो, वापरकर्ते जातात आणि दूरचा माणूस कायमचा बाहेर फेकला जातो. तिसऱ्याने चालू डेटाबेस अर्धवट लिहिता लिहिता बंद होतो. आणि कमांड लाईनवर या तिन्हींत अंतर असतं एखाद्या शब्दाचं, कधी एखाद्या अक्षराचं.

आयपीएमआयटूलमध्ये ‘एमसी रिसेट’ म्हणजे कंट्रोलर, ‘पॉवर रिसेट’ म्हणजे सर्व्हर. एचपीईच्या आयएलओत एसएसएचने शिरून ‘रिसेट’पुढे ‘मॅप१’ लिहिलं तर कंट्रोलर पुन्हा सुरू होतो, ‘सिस्टिम१’ लिहिलं तर सर्व्हर उडतो. ओरॅकलच्या यंत्रात ‘एसपी’ आणि ‘एसवायएस’ अशी जोडी आहे. डेलचं रॅकॅडम हे साधन घेतलं तर ‘रॅकरिसेट’ निरुपद्रवी, पण त्याच्या शेपटीला ‘सीएफजी’ लागलं की सगळी मांडणी पुसली जाते. लेनोव्होत ‘रिसेटएसपी’ने कंट्रोलर पुन्हा सुरू होतो आणि ‘क्लिअरसीएफजी’ने सेटिंग जातात, तिथे निदान शब्द तरी वेगळे ठेवले आहेत.

सर्वांत घातक जोडी माझ्या मते सुपरमायक्रो आणि एचपीईची आहे. सुपरमायक्रोच्या आयपीएमआयसीएफजी या साधनात डॅश आर म्हणजे कोल्ड रिसेट. सेटिंग पुसायच्या तर डॅश एफडी. एचपीईच्या एचपीऑनसीएफजीमध्ये मात्र डॅश आर म्हणजेच कारखान्यातली अवस्था, आणि नुसतं पुन्हा सुरू करायला डॅश बी. एकाच तालुक्यात दोन्ही बनावटीची यंत्रं सांभाळणारा माणूस हाताच्या सवयीने डॅश आर देऊन बसला तर पुढचा प्रवास शेवगावपर्यंतचा आहे. ही साधनं विंडोजवरही चालतात, आणि छोट्या कार्यालयांत बहुतेक विंडोजच असतं, म्हणून हा फरक फक्त लिनक्सवाल्यांनी लक्षात ठेवायचा नाही. कमांड देण्याआधी त्याच साधनाची मदत उघडून तो एक पर्याय डोळ्यांनी वाचायचा, हा नियम मी कुणालाही पहिला सांगेन.

रिसेट निरुपद्रवी असला तरी तो कधी करू नये याचेही प्रसंग आहेत. फर्मवेअर अपडेट चालू असताना कंट्रोलर रिसेट केला तर चिप अर्धवट लिहिलेली राहून बोर्ड निकामी होऊ शकतो. डेलच्या यंत्रात डिस्कच्या रेडची मांडणी किंवा अपडेट यांची कामं आयड्रॅकच्या रांगेत उभी असतात. ती संपलेली आहेत का ते आधी बघावं. व्हर्च्युअल मीडियावरून, म्हणजे दूरच्या लॅपटॉपवरच्या आयएसओतून विंडोज बसवणं चालू असेल तर रिसेटबरोबर ती डिस्क सुटते. कुणी आयपीएमआय वॉचडॉग, म्हणजे सर्व्हर गप्प झाला की त्याला आपोआप रिस्टार्ट करणारा टायमर, लावला असेल, तर तो आधी थांबवावा. आणि कंट्रोलर सामायिक पोर्टवर असेल तर काही बोर्डांवर सर्व्हरचीही नेटवर्क लिंक क्षणभर तुटते. बँकेच्या काऊंटरच्या वेळेत हे करण्यापेक्षा दुपारच्या सुट्टीत केलेलं बरं.

सर्व्हरमध्येही शिरता येत नाही आणि कंट्रोलरही बोलत नाही, तेव्हा जागेवरच्या माणसाचा हात लागतो. पण तो हात इंजिनिअरचाच हवा असं नाही. डेलच्या सर्व्हरवर पुढच्या बाजूचं ‘आय’ चिन्हाचं बटण १५ सेकंदांहून जास्त दाबून धरलं की आयड्रॅक पुन्हा सुरू होतो. एचपीईच्या अलीकडच्या प्रोलायंटवर यूआयडीचं बटण ५ ते ९ सेकंद दाबलं तर आयएलओ रीतसर रिस्टार्ट होतो, १० सेकंदांच्या पुढे दाबलं तर सक्तीने. कार्यालयातला शिपाईसुद्धा फोनवर ऐकून हे करू शकतो. फक्त एचपीईच्या पुढच्या पट्टीवर यूआयडी आणि पॉवरचं बटण एकाच घोळक्यात असतात, आणि पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबलं की सर्व्हर आडवा होतो. म्हणून योग्य बटणाशेजारी आधीच रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी. फोनवर ‘निळी पट्टी बघा’ म्हणणं सोपं जातं.

बटणानेही भागलं नाही तर शेवटचा उपाय विजेचा. सर्व्हर रीतसर बंद करायचा, दोन्ही पॉवर केबल काढायच्या, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला भार सोडायचा, अर्धा-एक मिनिट थांबून केबल पुन्हा लावायच्या आणि कंट्रोलर उठेपर्यंत दोन मिनिटं सर्व्हर चालू करायचा नाही. दोनपैकी एकच केबल काढली तर काहीच होत नाही, कारण दुसरीतून स्टँडबाय वीज येतच राहते. वीज परतल्यावर सर्व्हरने आपोआप उठावं, पूर्वीच्या अवस्थेत जावं की बंद राहावं, हे कंट्रोलरमध्येच ठरवता येतं. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात ही सेटिंग तपासून ठेवायलाच हवी.

पासवर्ड हरवण्याचा प्रश्न रिसेटशी नेहमी गुंतलेला असतो. जुना इंजिनिअर सोडून गेला, नव्याला आयड्रॅकचा पासवर्ड ठाऊक नाही, म्हणून सगळं पुसून टाकायचं, असं सर्रास होतं. त्याची गरज बहुतेक वेळा नसते. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरता येत असेल तर आयपीएमआयटूलने वापरकर्त्यांची यादी बघता येते आणि पासवर्ड बदलता येतो; आतल्या वाटेने बोलताना कंट्रोलर सहसा जुना पासवर्ड विचारतच नाही. आयएलओ ५ पासून एचपीईने तिथेही ओळख मागण्याची सोय ठेवली आहे. सोयीची ही वाट धोक्याचीही आहे. सर्व्हरमध्ये शिरलेला व्हायरस त्याच वाटेने कंट्रोलरवर ताबा मिळवू शकतो.

आणि कंट्रोलरवर ताबा म्हणजे सगळ्यावर ताबा. २०१३ मध्ये डॅन फार्मर या संशोधकाने आयपीएमआयच्या २.० आवृत्तीतली उणीव चव्हाट्यावर आणली. ओळख पटवण्याच्या पद्धतीतच अशी चूक आहे की कुणीही परका माणूस वापरकर्त्याच्या पासवर्डचा हॅश कंट्रोलरकडून मागून घेऊ शकतो आणि घरी बसून तो फोडू शकतो. चूक मानकातच असल्यामुळे तिला पॅच नाही. त्यात डेलचा ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’, सुपरमायक्रोचा ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ हे कारखान्यातले पासवर्ड सगळ्या जगाला पाठ. कारखान्यातला सरसकट एकच पासवर्ड रोखणारा कॅलिफोर्नियाचा कायदा जानेवारी २०२० पासून लागू झाला, मग सुपरमायक्रोने प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्यायला सुरुवात केली. त्याआधीची यंत्रं मात्र अजून चालू आहेत, आणि सगळ्या सेटिंग पुसणारा रिसेट त्यांना पुन्हा त्याच जगजाहीर पासवर्डवर नेऊन ठेवतो. २०१८ मध्ये जंगलसेक नावाचं खंडणीखोर मालवेअर उघड्या आयपीएमआयमधूनच सर्व्हरांत शिरलं. २०२५ मध्ये एएमआयच्या मेगारॅक या कंट्रोलर फर्मवेअरमध्ये पासवर्डशिवाय आत जाऊ देणारी फट सापडली, तिला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सीसा या संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेल्या फटींच्या यादीत घातली.

म्हणून कंट्रोलरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवणं हा गुन्हा समजायला हवा. दूरचं गाव असलं की हा मोह होतोच. राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं की नगरहून पान उघडतं आणि काम भागतं. त्याऐवजी व्हीपीएन लावायचं, कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनवर ठेवायचा, आणि कुठलाही पासवर्ड चालवून घेणारा ‘सायफर झिरो’ नावाचा जुना पर्याय बंद करायचा. दोन खोल्यांच्या कार्यालयातही हे होण्यासारखं आहे, खर्च फारसा नाही.

नियमांची बाजूही आहे. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि संगणकांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. कंट्रोलर इथे हमखास सुटतो. रिसेटनंतर त्याला वेळ कुणी दिली नाही तर अनेक यंत्रांचं घड्याळ १९७० वर जाऊन बसतं आणि पुढच्या नोंदी निरुपयोगी होतात. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये मूलभूत आणि ३१ डिसेंबर २०१९ ला टप्प्याटप्प्याची सायबर सुरक्षा चौकट आणली. पतसंस्था त्या चौकटीत येत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात तर पतसंस्थांचं जाळं दाट आहे. अनेक छोट्या बँकांचा मुख्य सर्व्हर आज गावात नसतोच, सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतो. सी-एज या अशाच कंपनीला खंडणी हल्ल्याचा फटका बसला तेव्हा पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने ३१ जुलै २०२४ ला तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. त्या हल्ल्याचा बीएमसीशी संबंध जोडायचं कारण नाही. पण सर्व्हर गावातून हलवला म्हणजे काळजी मिटली, हा समज त्या दिवशी तुटायला हवा होता.

मोठ्या संचांत हेच काम शेकड्यांनी करावं लागतं. शेजारच्या पुणे जिल्ह्यात खोडदच्या महाकाय दुर्बिणीजवळ सी-डॅकने बांधलेला परम रुद्र संगणक २६ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राला अर्पण झाला. अशा महासंगणकांत एका माणसाला शेकडो नोड सांभाळायचे असतात. त्यासाठी फ्रीआयपीएमआय हे दुसरं साधन उपयोगी पडतं. नोडची नावं क्रमांकांच्या पल्ल्यात देऊन एका ओळीत सगळ्यांना कोल्ड रिसेट पाठवता येतो. पाठवावा मात्र तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे सगळे एकदम आंधळे होत नाहीत.

आयपीएमआयचं मानक आता गोठलं आहे. त्यात यापुढे भर घालणार नाही, असं इंटेलने जाहीर केलं आहे. त्याच्या जागी डीएमटीएफ या संस्थेचं रेडफिश आलं, पहिली आवृत्ती ऑगस्ट २०१५ ची. त्यात कर्लसारख्या साध्या साधनाने वेबवरून विनंती पाठवायची असते, आणि तिन्ही रिसेटना स्पष्ट वेगळी नावं आहेत: मॅनेजरचा रिसेट, सिस्टिमचा रिसेट, मूळ अवस्थेचा रिसेट. मला ही खरी सुधारणा वाटते. त्याच काळात ओपनबीएमसी हे कंट्रोलरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं आणि २०१८ मध्ये ते लिनक्स फाऊंडेशनकडे आलं. ज्या कंट्रोलरवर ते चालतं तिथे वेब सेवा अडकली तर तेवढीच सेवा ‘सिस्टिमसीटीएल’ने पुन्हा सुरू करता येते. पंखे गरजत नाहीत, सेन्सर आंधळे होत नाहीत. पण तालुक्याच्या गावांत पोचलेली यंत्रं पाच-सात वर्षं जुनी असतात, म्हणून इथे आणखी बराच काळ आयपीएमआयटूलच उपयोगी पडणार.

तालुक्याच्या गावातल्या सर्व्हरच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं तर कंट्रोलरचं पोर्ट पुष्कळदा रिकामं दिसतं, धूळ बसलेलं. वायर कधी लावलेलीच नसते. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, करताना संस्थेच्या चिटणीसांनी इंजिनिअरकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: त्या पोर्टला वायर आणि स्थिर पत्ता, कंट्रोलरचं फर्मवेअर वर्षातून एकदा अद्ययावत करण्याची अट, आणि नेमकी कुठली कमांड द्यायची व कुठली द्यायची नाही हे लिहिलेला कागद रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला. पासवर्ड त्या कागदावर नको. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, कारण सोडून गेलेल्या इंजिनिअरबरोबर तो जाऊ नये.

एक प्रसंग मात्र असा आहे, जिथे सगळं पुसणारा रिसेटच योग्य. पुण्या-मुंबईहून रिफर्बिश्ड सर्व्हर आणणं छोट्या संस्थांना परवडतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये आधीच्या मालकाचे वापरकर्ते, त्याची प्रमाणपत्रं, कधी त्याचा पासवर्डही तसाच असतो. डिस्क पुसून देणारे विक्रेते कंट्रोलर पुसत नाहीत. २०१९ मध्ये एक्लिप्सियम या संशोधन कंपनीने दाखवलं की आयबीएमच्या भाड्याने दिलेल्या सर्व्हरांवरसुद्धा एका ग्राहकाने कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये केलेला बदल पुढच्या ग्राहकाच्या हातात तसाच जात होता. तेव्हा असं यंत्र आलं की ते नेटवर्कला लावण्याआधी कंट्रोलर कारखान्यातल्या अवस्थेत न्यावा, निर्मात्याच्या साइटवरून आणलेलं फर्मवेअर चढवावं, पासवर्ड बदलावा. २०२१ च्या अखेरीस उघड झालेलं आयएलओब्लीड हे मालवेअर मात्र फर्मवेअरमध्येच बसलं होतं. अपडेट होऊ न देताच तो झाल्याचं दाखवत होतं. म्हणून चढवलेली आवृत्ती आणि लॉगिनचं पान त्या आवृत्तीत जसं असायला हवं तसंच आहे ना, हे नव्याने लॉगिन करून ताडून बघावं, आणि शंका आली तर ते यंत्र परत करावं.